काचेचं पोतं

सुगंधाबाई माझी थोरली जाऊ. तिच्याबद्दल मी काहीही बोलले तरी चालतं. दुसरं कोणी बोललं तर मी त्याचा समाचार घेते. ही गोष्ट सांगण्याआधी मी तिला विचारलेलं नाही. विचारलं असतं तर तिनेच सांगायला घेतली असती आणि मला मधे तोंड उघडता आलं नसतं.

आमचा बोडीटोला मुलचेऱ्याच्या रस्त्यावरून बराच आत, तलावाच्या काठाला. अर्धं गाव धानाचं, अर्धं मासोळीचं. आमची घरं मासोळीची. तलाव मच्छीमार संस्थेकडे आहे, रोहू-कतल्याचं बीज संस्था टाकते आणि पावसाळाभर जाळी चालतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मात्र जाळं खुंटीला लागतं आणि आमची माणसं सरळ चिखलात उतरतात. मरळ त्या दिवसांत चिखलात दडून बसते. तिला हाताने नाही, पायाने शोधायचं असतं. अनवाणी पावलाने चिखल चाचपत जायचं, तळव्याखाली काही गुळगुळीत हललं की टाच दाबायची आणि वाकून कल्ल्यात बोटं घालायची. या कामात सुगंधाबाईचा नवरा, म्हणजे माझे भासरे दादाजी, पंचक्रोशीत पहिले. त्यांच्या पायाला डोळे आहेत, असं लोक म्हणायचे.

संक्रांतीच्या सुमारास ग्रामपंचायतीने घंटागाडी आणली. तीन चाकांची, वरून दोन खण केलेली. निकेश नावाचा आमच्याच गावचा माणूस ती चालवतो. प्रत्येक घराला दोन बादल्या मिळाल्या, ओल्या कचऱ्याला हिरवी आणि सुक्याला निळी. काचेसाठी गाडीच्या मागे एक पोतं टांगलेलं. सरपंचांचं भाषण झालं, फोटो निघाले, आणि दुसऱ्या दिवसापासून हिरव्या बादलीत गाईचा कोंडा भिजायला लागला आणि निळ्या बादलीत जिवंत मरळ पोहायला लागली. बादल्या खरंच मजबूत होत्या. कचरा मात्र पूर्वीसारखाच तलावाच्या पारीवरून, म्हणजे बांधावरून, खाली.

निकेश रोज घंटी वाजवत रिकामी गाडी फिरवून आणायचा. त्याची दया येऊन म्हणा किंवा स्वतःला राहवलं नाही म्हणून म्हणा, सुगंधाबाईने हे काम अंगावर घेतलं. ती आधीच गावातल्या बायकांच्या दारूबंदी समितीची अध्यक्ष. हातभट्टीची मडकी फोडलेली बाई, तिला बादल्यांची काय भीती. गाडीच्या पुढे ती चालायची, मागे निकेश. दारात बादली आली की ती हात घालून पाहायची. प्लॅस्टिकच्या पिशवीत भाजीची देठं सापडली, तर अख्खी बादली त्या घरच्या सारवलेल्या अंगणात पालथी. मग घरची बाई मुकाट्याने निवडायला बसायची आणि पुढच्या वेळी आपोआप शहाणी व्हायची.

तिचं श्रेय तिला द्यायलाच हवं. होळीपर्यंत गाव ओळखू येईना. ओला कचरा शाळेमागच्या नाडेपच्या टाक्यात जायचा, त्याचं खत पळसाच्या फुलांइतक्या हौसेने लोक पाहायला यायचे. प्लॅस्टिक बांधून चंद्रपूरला जायचं. लग्नात थर्माकोलच्या ताटांऐवजी पानांच्या पत्रावळी आल्या. तलावाच्या पारीवर पाय ठेवायला जागा झाली. मी तिची जाऊ असूनही मला तिचा अभिमान वाटला, यावरून काय ते समजा.

पण बादलीत हात घालणाऱ्या माणसाला बादली वाचायची सवय लागते. सुगंधाबाई वाचायला लागली. कोणाकडे उपासाच्या दिवशी कोंबडी शिजली, कोणाची नवी सून नवऱ्यापासून लपवून नूडल्स खाते, सुरेंद्र मास्तरांचे केस साठीतही काळे कसे, हे तिला त्या त्या दारात कळायचं आणि पुढच्या दारात ती सांगायची. आम्ही पोट धरून हसायचो. आपलं दार येईपर्यंत हसायला काय जातं.

आता आमच्या जिल्ह्याची गंमत अशी, की इथे दारूबंदी आहे. नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा लागतो, तिथली बंदी मध्यंतरी उठली. पुलावरून बस जाते. जाताना माणसाच्या पिशवीत काही नसतं, येताना पिशवी टॉवेलात गुंडाळलेली असते. एवढ्यावर समजून घ्या. पूर्वी सायकलवरून एक कबाडी यायचा. रिकाम्या बाटल्या गुपचूप त्याच्या पोत्यात जायच्या, तो काही विचारायचा नाही, पोत्याचं तोंड आवळून निघून जायचा. घंटागाडी आल्यावर इथे आपलं काय काम म्हणून त्याने यायचं सोडलं. तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही, पण गावाची मोठी सोय गेली होती.

लटारू हा पहिला सापडला. कुडाच्या घरात राहणारा, मिळेल तिथे मजुरीला जाणारा साधा माणूस. त्याची बायको सोमारी निरागसपणे निळी बादली घेऊन आली आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला पव्वा निघाला. सुगंधाबाईने तो उंच धरला. चौकात. त्याच संध्याकाळी समिती बसली आणि लटारूला पारीवरच्या मातामायच्या देवळीपुढे कान धरून उभं केलं. त्याला बोलायचं होतं ते सोमारीच्या तोंडावर दिसत होतं. दुसऱ्या दिवसापासून ती हातपंपावर आम्ही सगळ्या घरी गेल्यावर यायला लागली. ती हसरी बाई होती, पाण्याच्या रांगेत तिच्यामुळे वेळ जायचा. ती रांगच मुकी झाली.

आणि काचेचं पोतं रिकामं पडलं. दारूच्या बाटल्या राहू द्या, लोणच्याची बरणी किंवा खोकल्याच्या औषधाची बाटलीसुद्धा कोणी देईना. उगीच बाईच्या हातात गेली आणि तिने वास घेतला तर? सुगंधाबाई खूश. गाव सुधारलं, असं ती पंचायतीत सांगून आली. गाव सुधारलं नव्हतं, गाव सावध झालं होतं. बाटल्या कुठे जातात हे आम्हा बहुतेक बायकांना कळत होतं. तलावावरून रिकाम्या हाताने येणारा नवरा जाताना काखेत काय नेतो, हे बायकोला दिसत नाही थोडंच. पण सुगंधाबाईला सांगायचं म्हणजे आपल्याच घराचं नाव सांगायचं. दिव्याखाली अंधार असतो, आणि तो दिवाच सोडून सगळ्यांना दिसतो.

वैशाखात तलाव निम्म्यावर आला. भासरे सकाळीच मरळीला गेले होते. ऊन तापायच्या आत परत आले, डोक्यावर टॉवेल, हातात दोनच मासे. सुगंधाबाई दारात उभी होती. त्यांच्या तोंडाकडे पाहून ती मासे कमी का, असं विचारणार होती, पण तिची नजर खाली गेली. पारीपासून दारापर्यंत वाटेवर तांबडी पावलं उमटली होती. उजव्या पायाचीच. भासऱ्यांना काही माहीत नव्हतं. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि कोणाचं रक्त आहे, असं विचारलं.

तळवा काचेने उघडा फाटला होता आणि त्यांना दुखत नव्हतं. तेव्हा सगळं बाहेर आलं. शुगर त्यांना होतीच, गोळ्याही चालू होत्या. पण वर्षभरापासून तळव्यांना काही कळेनासं झालं होतं, ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. मरळ पायाखालून निघून जायची आणि ते म्हणायचे, तलावात मासोळीच राहिली नाही. ज्याच्या पायाला डोळे, त्याचे पाय आंधळे झाले, हे कोणत्या तोंडाने सांगायचं.

मुलचेऱ्याला पट्टी झाली. चार दिवसांत पाय सुजला, ताप चढला, अंगठ्याजवळ काळसर दिसायला लागलं. तिथल्या डॉक्टरांनी चंद्रपूरला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. गाडी निघताना सारं गाव जमलं होतं आणि सुगंधाबाई गाडीत एक पाय ठेवून सगळ्यांकडे वळली.

"तलावात बाटली कोनं फेकली ते मी काढीनच," ती म्हणाली. "यायले घेऊन आली का एकेकाले पाणी हाती घ्याले लावीन."

आमच्यात शपथ वाहायची ती पाण्याची. मातामायपुढे उभं राहून तलावाचं पाणी ओंजळीत घ्यायचं आणि बोलायचं. ज्या पाण्यावर पोट, ते हातात धरून कोणी खोटं बोलत नाही. बोललं तर जाळं रिकामं येतं, असं जुने लोक सांगतात, आणि खरं करून पाहायला आजवर कोणी धजलेलं नाही. सुगंधाबाईच्या त्या वाक्यावर गावातल्या पुरुषांची तोंडं पाहण्यासारखी झाली. माझ्या नवऱ्याचंही, म्हणजे शालिकरामचं. त्याने मला डबा वगैरे घेऊन चंद्रपूरला राहायला इतक्या आनंदाने जाऊ दिलं, की मला तिथेच संशय आला.

दवाखान्यात डॉक्टरांनी जखम धुतली, मेलेलं मांस काढलं, सलाईन लावलं. काळेपणा घोट्याकडे चढला तर पाय कापावा लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. उद्या सकाळी पट्टी उघडल्यावर कळेल. सुगंधाबाई खाटेजवळच्या स्टुलावर बसली आणि नवऱ्याच्या पायावरची चादर पुन्हा पुन्हा सरळ करत राहिली. घरात तिचा आवाज तीन घरं ऐकू जातो. इथे ती इतकी गप्प होती, की मला तिची भीती वाटली. भासऱ्यांचा पाय गेला तर ते काय करतील, हा प्रश्न मी मनात आणत नव्हते. काठावर बसून जाळी विणतील, तलावाकडे बघत.

दुपारी ताप थोडा उतरला. सुगंधाबाईने त्यांना पेज पाजली आणि मग तिच्या मनात होतं ते सुरू झालं. गावात गेल्यावर कोणाकोणाला पाण्याची शपथ घालायची, आधी लटारूला घालायची, कारण चटावलेला माणूस, असं ती हळू आवाजात माझ्याशी बोलत होती. भासरे डोळे मिटून पडले होते.

"पाणी हाती घ्याले लावशीन," ते डोळे न उघडता म्हणाले, "त पयले मलेच लाव."

सुगंधाबाईला वाटलं, तापात बडबडत आहेत. "तुमाले काऊन?"

"ते बाटली माहीच होती."

मग त्यांनी सगळं सांगितलं, थांबत थांबत. आठवड्याच्या बाजारी पलीकडे जायचे तेव्हा एखादी आणायचे. पारीवरच्या जांभळाखाली, जिथे त्यांचा डोंगा बांधलेला असतो, तिथे बसून घ्यायचे. बाटली आधी कबाड्याला जायची. नंतर कुठे द्यायची? घरच्या निळ्या बादलीत टाकावी, तर गाडीपुढे स्वतःची बायको. म्हणून जांभळाखालूनच पाण्यात. एकदा फेकलेली बाटली कपडे धुवायच्या दगडावर आपटली, फुटल्याचा आवाज त्यांनी ऐकला होता. उतरून वेचावी असं मनात आलं होतं, पण कोणी येत होतं म्हणून उठून निघाले. पुढे त्याच जागी मरळ शोधत गेले. काच पायाला लागली तेव्हा पायाने सांगितलंच नाही.

"बाकीच्यायचा दोष नाई, सुगंधा," एवढं बोलून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

मी तिच्याकडे पाहायचं टाळलं. ती उठली, पेजेचा डबा घेतला आणि बाहेर नळावर गेली. मीही गेले. डबा कधीच स्वच्छ झाला होता, ती घासतच होती. शेवटी मी तिच्या हातातून तो काढून घेतला. माझ्या जिभेवर बरंच काही तयार होतं. वर्षानुवर्षांचं. जाऊ म्हणून मला एवढी संधी पुन्हा मिळणार नव्हती. पण तिचं तोंड पाहिलं आणि सगळं गिळलं.

"लटारूले मी साऱ्या गावापुढं कान धराले लावलं, गिरजा," ती म्हणाली. बस, एवढंच.

तिला दारू लपवल्याचा राग नव्हता असं नाही. तो नंतर निघाला आणि चांगला निघाला. पण त्या दिवशी तिला एकच दिसत होतं. आपल्या भीतीने बाटल्या पाण्यात गेल्या आणि आपल्याच माणसाचा पाय त्यांनी खाल्ला. रात्रभर ती मातामायला काय काय कबूल करत होती, ते मी ऐकलं नाही असं धरून चालते.

सकाळी डॉक्टर आले. पट्टी उघडली. आम्ही दोघी खाटेच्या दोन बाजूंना. डॉक्टरांनी बोटं एकेक दाबून पाहिली, सोडून पाहिली, दाबलेल्या जागी परत लाली येत होती. काळेपणा होता तिथेच थांबला होता. पाय राहील, ते म्हणाले. आम्हाला दोघींना कळलंच नाही. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, पाय राहील, पण यापुढे अनवाणी एक पाऊलही नाही, आणि दारू तर थेंबभरही नाही. ते गेल्यावर सुगंधाबाई खाली फरशीवरच बसली आणि पदर तोंडात घालून रडली. मीही रडले. भासरेही रडत होते, पण ते छताकडे पाहत होते म्हणून आम्ही पाहिलं नाही असं केलं. छातीवरचा धोंडा कोणी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं मला.

"पाय वाचला," सुगंधाबाई डोळे पुसत म्हणाली. "आता बाकीचं घरी जाऊन पाहू."

हे बाकीचं म्हणजे काय, याचा मला घोर लागला. दवाखान्यातून सुट्टी मिळेपर्यंत मी तिला समजावत राहिले. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिघांशिवाय कोणाला माहीत नाही. शपथेचं लोक विसरतील, आपणही विसरू. अध्यक्षीणबाईचाच नवरा निघाला म्हटल्यावर तिला गावात कोण जुमानेल? भट्टीवाले तर पेढे वाटतील. ती ऐकून घ्यायची. हो म्हणायची नाही, नाही म्हणायची नाही. तिला मी इतकी वर्षं ओळखते, पण या वेळी ती काय करणार ते मला सांगता आलं नसतं.

गावात आलो त्याच दिवशी संध्याकाळी तिने सगळ्यांना मातामायच्या देवळीजवळ बोलावलं. भासऱ्यांना जांभळाखाली खुर्चीवर बसवलं, पट्टीचा पाय समोरच्या स्टुलावर. शालिकराम सकाळपासून जेवला नव्हता. पोट बिघडलं म्हणत होता. त्या दिवशी गावात बऱ्याच जणांचं पोट बिघडलं होतं. लटारू आणि सोमारी सगळ्यांच्या मागे, निघून जाता येईल अशा जागी उभे होते.

सुगंधाबाई पारीवरून खाली उतरली. पाण्यात वाकून तिने ओंजळ भरली आणि तशीच चढून वर आली. कोपरावरून पाणी गळत होतं. मला वाटलं, आता ती पहिलं नाव घेणार. तिने घेतलंही.

"ज्या बाटलीनं यायचा पाय कापला," ती म्हणाली, "ते आमच्याच घरची होती. हे पाणी हाती घेऊन सांगून राह्यली."

भासरे खुर्चीवरून म्हणाले, "हव. मीच फेकल्ती."

तिने पाणी मातामायच्या पायाशी सोडलं. ओल्या हातांनीच गर्दीतून वाट काढत ती मागे लटारूपाशी गेली. लोक बाजूला झाले. मी अजून म्हणत होते, पुरे कर बाई, पुरे. ती लटारू आणि सोमारीच्या समोर उभी राहिली आणि तिने स्वतःचे दोन्ही कान धरले. आमच्या सुगंधाबाईने. जिने सासूपुढे कधी मान खाली घातली नाही, तिने. लटारू गोंधळून जमिनीकडे पाहायला लागला. सोमारीने पुढे होऊन तिचे हात धरून खाली घेतले.

"राहू द्या, बाई," ती म्हणाली.

गावाने तेव्हा सुस्कारा सोडला. खरंच ऐकू आला. काही जण हसले, एकदोघी रडल्या, आणि शालिकरामला त्याच क्षणी भूक लागली.

नंतरचं सगळं तिथेच ठरलं. समितीचं भांडण विकणाऱ्याशी आहे, कोणाच्या बादलीशी नाही. काचेच्या पोत्याचं तोंड बांधलेलं राहील, बाटली शिरेल एवढीच फट. निकेश पाहणार नाही, ती स्वतः तर नाहीच. बरणी असो, औषधाची असो, कसलीही असो, ती पोत्यात गेली पाहिजे, पाण्यात नाही. ज्याला सोडायची आहे त्याने समितीकडे यावं, त्याला मदत करू. ज्याला यायचं नाही त्याने निदान बाटली द्यावी. मला विचाराल तर ती बाई अध्यक्ष होण्यासाठीच जन्मली आहे. कान सोडले नाहीत तोवर हुकूम द्यायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पुरुष जुने बूट, फाटक्या चपला, जे मिळेल ते पायात घालून, दंताळी घेऊन तलावात उतरले. सर्वांत आधी लटारू. मरळ शोधायच्या पद्धतीनेच, ओळीने, चिखल चाचपत. पारीवर बाटल्यांचा ढीग वाढत गेला आणि काठावरच्या बायका कमरेवर हात ठेवून तो पाहत राहिल्या. कोणी कोणाला काही विचारलं नाही. एवढंच सांगते, की शालिकराम कुठेही न शोधता तीन ठिकाणी सरळ चालत गेला आणि तिन्ही ठिकाणी वाकला. मी त्या वेळी आभाळाकडे पाहत होते. ढीग निकेशने चंद्रपूरला नेला आणि तलावात पुन्हा पाय ठेवता यायला लागला.

भासरे आता काठावरून सांगतात, मरळ कुठे असेल ते, आणि तरणी माणसं गमबूट घालून उतरतात. सोडली का त्यांनी? सोडली, असं ते म्हणतात. सुगंधाबाई विश्वास ठेवते. मी त्यांच्या बादलीत पाहत नाही.

पुन्हा गाडी सुरू झाली तो पहिला दिवस मला चांगला आठवतो. सुगंधाबाई पूर्वीसारखीच पुढे चालत होती. ओला-सुका ती अजूनही तपासते, तिथे सुटका नाही. पण निकेश पोत्यापाशी थांबला की ती गाडीकडे पाठ करून उभी राहायची. दाराशी पावलं वाजायची, काच काचेवर वाजायची, मग पावलं परत जायची. पहिल्या दोन-तीन घरांशी काही वाजलं नाही. मग एका ठिकाणी वाजलं. मग पुढच्याही. आमच्या गल्लीत येईपर्यंत पोतं चांगलं खुळखुळायला लागलं होतं. प्रत्येक आवाजाला तिची मान थोडी हलायची, वळायला जायची, आणि ती तिला परत सरळ करायची. एवढं कष्टाचं काम तिने जन्मात केलं नसेल.

शेवटचं घर लटारूचं. सोमारी हातात काचेची एक मोठी बरणी घेऊन बाहेर आली. पोत्याच्या फटीत बरणी जाणार नव्हती, हे तिला माहीत होतं. ती गाडीला वळसा घालून सरळ सुगंधाबाईच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"पाहा बाई, लोणच्याची हाये."

सुगंधाबाईने डोळे घट्ट मिटले. "मले नाई पाह्याचं."

सोमारीने बरणीचं झाकण काढून तिच्या नाकापाशी धरलं. मिटल्या डोळ्यांनी सुगंधाबाई वास घेत राहिली, आणि हळूच म्हणाली, मोहरी जास्त झाली होती. सोमारी हसायला लागली. हातपंपाच्या रांगेत हसायची तशी, मोठ्याने, थांबता येईना अशी. तेव्हा कुठे सुगंधाबाईने डोळे उघडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंपावर गेले, तर सोमारी आमच्या आधी येऊन रांगेत उभी होती.